प्रतिजैविकाचा डोस वयानुसार का बदलतो?

बारा किलो वजनाच्या दोन वर्षांच्या मुलाला मध्यकर्णाचा जंतुसंसर्ग झाला, तर अनेक मार्गदर्शक सूचनांनुसार त्याला अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक दर किलो वजनामागे दिवसाला ८० ते ९० मिलिग्रॅम या हिशेबाने दिले जाते. म्हणजे दिवसभरात सुमारे १,००० मिलिग्रॅम. साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसाला साध्या संसर्गासाठी हेच औषध बहुधा ५०० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीन वेळा, म्हणजे एकूण १,५०० मिलिग्रॅम दिले जाते. वजन पाचपट, पण औषध जेमतेम दीडपट. औषधाच्या कागदावर हे आकडे प्रथमच वाचणाऱ्या आईवडिलांना डॉक्टरांनी काही चूक तर केली नाही ना, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. बहुतेक वेळा चूक झालेली नसते.

लहान मुलाला मोठ्या माणसाच्या डोसचा एखादा अंश द्यावा, ही समजूत मात्र जुनी आहे, आणि एके काळी वैद्यकातही तिला नियमाचे रूप मिळाले होते. इंग्रज वैद्य थॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा, की मुलाच्या वयाला त्या वयात बारा मिळवून आलेल्या संख्येने भागावे आणि येणारा अपूर्णांक प्रौढाच्या डोसला लावावा. दोन वर्षांच्या मुलासाठी हा हिशेब दोन भागिले चौदा, म्हणजे एक सप्तमांश होतो. वरच्या उदाहरणातल्या मुलाला या नियमाने दिवसाला २१५ मिलिग्रॅमच्या आसपास अमॉक्सिसिलिन मिळाले असते, म्हणजे आज दिल्या जाणाऱ्या मात्रेच्या जवळपास पाचवा हिस्सा. कानाच्या संसर्गातली मात्रा मुद्दाम चढी ठेवलेली असते हे खरे. औषधाला दाद न देणाऱ्या न्यूमोकोकस जंतूंनाही ते पुरे पडावे, हा त्यामागचा हेतू असतो. तरीही एवढी मोठी तफावत केवळ त्याने भरून निघत नाही.

क्षयरोगाच्या औषधांचे उदाहरण या बाबतीत अधिक स्वच्छ आहे, कारण तिथे रोग तोच, जंतू तोच आणि औषधेही तीच असतात. मुलांनाही बराच काळ किलोमागे मोठ्या माणसांइतकीच मात्रा दिली जात असे. मुलांच्या रक्तातली औषधाची पातळी मोजल्यावर ती अपुरी भरते असे दिसून आले, आणि २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठीच्या मात्रा वाढवल्या. आयसोनियाझिड प्रौढाला किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम, तर मुलाला १०. रिफाम्पिसिन प्रौढाला १०, तर मुलाला १५. पायराझिनामाइड प्रौढाला २५, तर मुलाला ३५. जुन्या मात्रेवर वाढलेल्या मुलांना वर्षानुवर्षे कमी औषध मिळत होते, हे या आकड्यांवरून उघड होते.

असे का होते हे समजण्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. जंतूला रुग्णाचे वय कळत नाही. एखाद्या जंतूची वाढ थोपवण्यासाठी त्याच्या भोवतालच्या द्रवात औषधाची जेवढी तीव्रता लागते, तेवढी ती तान्ह्या बाळातही लागते आणि ऐंशी वर्षांच्या वृद्धातही लागते. वयानुसार बदलते ते शरीर. ते औषध किती शोषून घेते, किती पाण्यात पसरू देते, यकृतात त्याचे रूपांतर किती वेगाने करते आणि मूत्रपिंडांवाटे किती लवकर बाहेर टाकते, या चार गोष्टींवर रक्तातली पातळी ठरते. आणि या चारही गोष्टी जन्मापासून म्हातारपणापर्यंत एकाच दिशेने सरळ वाढत किंवा घटत जात नाहीत. औषध बाहेर टाकण्याचा वेग नवजात बाळात सर्वांत मंद असतो, एक ते पाच-सहा वर्षांच्या मुलांत किलोमागे सर्वांत जास्त असतो, पुढे प्रौढपणी तो मधल्या पातळीवर येतो आणि उतारवयात पुन्हा मंदावतो. वयाच्या साध्या गुणोत्तरावर आधारलेला कोणताही नियम या चढउतारापुढे टिकत नाही.

सुरुवात नवजात बाळापासून करू. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या वजनापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असते, अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो याहूनही जास्त, तर प्रौढ पुरुषात साधारण ६० टक्के असतो. त्यातही पेशींच्या बाहेरचे पाणी बाळात वजनाच्या सुमारे ४० ते ४५ टक्के आणि प्रौढात सुमारे २० टक्के असते. जेंटामायसिनसारखे पाण्यात विरघळणारे प्रतिजैविक मुख्यतः या बाहेरच्या पाण्यातच पसरते. तेवढीच साखर दुप्पट पाण्यात घातली तर गोडी निम्मी लागते, तोच प्रकार इथे होतो: प्रौढात किलोमागे ५ मिलिग्रॅम दिल्यावर जी उच्चतम पातळी गाठली जाते, तिच्या जवळपास निम्मीच पातळी नवजात बाळात तेवढ्याच मात्रेने गाठली जाते. जेंटामायसिनचा मारा ही उच्चतम पातळी किती वर जाते यावर अवलंबून असल्याने, बाळ लहान आहे म्हणून एका वेळची मात्रा किलोमागे कमी करणे धोक्याचे ठरते.

मात्र याच बाळाची मूत्रपिंडे अजून तयार होत असतात. पूर्ण दिवसांच्या बाळाची रक्त गाळण्याची क्षमता, शरीराच्या आकाराचा हिशेब धरूनही, पहिल्या काही दिवसांत प्रौढाच्या पाव ते एक तृतीयांश एवढीच असते. पुढच्या दोन आठवड्यांत ती जवळपास दुप्पट होते आणि वर्षभरात प्रौढाच्या पातळीपर्यंत पोहोचते. म्हणून एकदा गेलेले जेंटामायसिन बाळाच्या शरीरात रेंगाळते. प्रौढात ते दोन-तीन तासांत निम्मे होते, नवजात बाळात त्याला पाच-सहा तास आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात आणखी जास्त वेळ लागतो. रेंगाळलेले जेंटामायसिन मूत्रपिंडांना आणि श्रवणशक्तीला इजा करू शकते. या दोन परस्परविरोधी गरजांमधून निघालेली वाट अशी, की एका वेळची मात्रा पुरेशी, म्हणजे किलोमागे ४ ते ५ मिलिग्रॅम ठेवायची, पण दोन डोसांमधले अंतर २४ तासांवरून ३६ किंवा ४८ तासांपर्यंत वाढवायचे. ‘डोस’ म्हणजे किती मिलिग्रॅम, एवढाच विचार आपण करतो; त्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे किती तासांनी, हा असतो, आणि वयाचा परिणाम पुष्कळदा त्या दुसऱ्या भागावरच अधिक होतो.

नवजात कक्षात काम करणारे डॉक्टर म्हणूनच बाळाचे वय दोन प्रकारे मोजतात: गर्भात किती आठवडे काढले आणि जन्मून किती दिवस झाले. अठ्ठावीस आठवड्यांत जन्मलेले तीन दिवसांचे बाळ आणि चाळीस आठवड्यांत जन्मलेले तीन दिवसांचे बाळ यांचे वय कागदावर सारखे असले, तरी औषधाच्या दृष्टीने ती दोन वेगळी शरीरे आहेत. एकाच बाळाचा पहिल्या आठवड्यातला डोस तिसऱ्या आठवड्यात बदलावा लागतो, याचेही कारण हेच.

यकृताची अपरिपक्वता अधिक जीवघेणी ठरू शकते, हे वैद्यकाला फार किंमत मोजून कळले. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक १९५० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्ग होऊ नये म्हणून आधीपासूनच, आणि किलोमागे बऱ्याच मोठ्या मात्रेत दिले जात असे. काही बाळांचे पोट फुगू लागे, श्वास अनियमित होई, त्वचा राखाडी पडे आणि एक-दोन दिवसांत बाळ दगावे. हे औषध मिळालेल्या बाळांत मृत्यूचे प्रमाण न मिळालेल्या बाळांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस येथील डॉक्टरांनी १९५९ मध्ये तुलना करून दाखवून दिले. प्रौढाचे यकृत क्लोरॅम्फेनिकॉलला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ते निकामी आणि पाण्यात सहज विरघळणारे करते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ही जोडणी करणारे विकर (एन्झाइम) पुरेसे तयार झालेले नसते आणि मूत्रपिंडेही मंद असतात. म्हणून डोसामागून डोस साचत जातो. राखाडी बाळ या नावाने ही विषबाधा आजही पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते.

त्याच्या तीन वर्षे आधी, १९५६ मध्ये, सल्फा गटातल्या औषधाबद्दल असाच धडा मिळाला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या एका गटाला पेनिसिलिनसोबत सल्फिसॉक्साझोल आणि दुसऱ्या गटाला ऑक्सिटेट्रासायक्लिन देऊन तुलना करण्यात आली, तेव्हा पहिल्या गटात मृत्यू जास्त झाले आणि काविळीतले पिवळे द्रव्य मेंदूत साठून झालेली इजाही जास्त आढळली. नवजात बाळाच्या रक्तात हे पिवळे द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरत असते. सल्फा औषध त्याची जागा बळकावते आणि सुटे झालेले बिलिरुबिन मेंदूत शिरते. इथे बाळाच्या शरीराने औषधाची विल्हेवाट लावण्याचा प्रश्न दुय्यम होता, औषधाने शरीरातली एक नाजूक व्यवस्था मोडली होती. काविळ झालेल्या नवजात बाळाला सेफ्ट्रिअॅक्सोन हे प्रतिजैविक देणे टाळतात, तेही याच कारणासाठी. विशेष म्हणजे त्या तुलनेत निर्धोक वाटलेले ऑक्सिटेट्रासायक्लिन ज्या टेट्रासायक्लिन गटातले आहे, तो गट वाढत्या दातांमध्ये कॅल्शियमला चिकटून बसतो आणि त्यांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पाडतो, हे नंतर लक्षात आले. आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लिन न देण्याचा नियम त्यातून रूढ झाला. त्याच गटातल्या डॉक्सिसायक्लिनच्या, तीन आठवड्यांपर्यंतच्या छोट्या उपचाराला मात्र अलीकडे या नियमातून सूट दिली जाते, कारण ते कॅल्शियमला कमी चिकटते.

तान्हेपण सरले की चित्र उलटे होते. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या वजनात यकृताचा वाटा प्रौढापेक्षा बराच मोठा असतो, मूत्रपिंडे पूर्ण क्षमतेला आलेली असतात आणि किलोमागे या अवयवांतून वाहणारे रक्तही जास्त असते. परिणामी कित्येक प्रतिजैविके या वयात किलोमागे सर्वांत वेगाने बाहेर पडतात. व्हॅन्कोमायसिन प्रौढाला एका वेळी किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम, दर आठ ते बारा तासांनी देतात. मुलाला एका वेळी साधारण १५ मिलिग्रॅमच, पण दर सहा तासांनी द्यावे लागते. जेंटामायसिन प्रौढाला दिवसातून एकदा किलोमागे ५ ते ७ मिलिग्रॅम दिले जाते, मुलाला ७ ते ७.५. सुरुवातीच्या अमॉक्सिसिलिनच्या कोड्याचा उलगडाही बराचसा इथेच होतो, कारण पेनिसिलिन गटातल्या औषधांचा परिणाम पातळी किती उंच गेली यापेक्षा ती आवश्यक रेषेच्या वर किती तास टिकली यावर ठरतो. मूल औषध झपाट्याने बाहेर टाकत असेल, तर पातळी त्या रेषेखाली लवकर उतरते आणि जंतूंना पुन्हा वाढायला अवधी मिळतो. मोठ्यांची गोळी मोडून मुलाला थोडीशी देणे म्हणजे जपून वागणे, असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते अपुरा डोस हाच या वयातला सर्वांत दुर्लक्षित धोका आहे.

गोळी मोडण्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. अमॉक्सिसिलिन व क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांच्या जोडगोळीत मोठ्यांच्या ६२५ मिलिग्रॅमच्या गोळीत ५०० भाग पहिले आणि १२५ भाग दुसरे, म्हणजे चारास एक असे प्रमाण असते. मुलांच्या पातळ औषधात बहुधा ५ मिलिलिटरमध्ये २०० आणि २८.५ मिलिग्रॅम, म्हणजे साताला एक असे प्रमाण ठेवलेले असते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाने जुलाब होतात, म्हणून मुलांच्या औषधात ते मुद्दाम कमी केलेले आहे. गोळीचे तुकडे करून अमॉक्सिसिलिनचा हिशेब जुळवला, तरी जुलाब करणारा घटक जवळपास पावणेदोन पटीने जास्त जातो.

पातळ औषधाच्या बाबतीत खरी मेख मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांच्या गोंधळात आहे. एकाच नावाचे अमॉक्सिसिलिन ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम आणि तान्ह्यांसाठीच्या थेंबांत १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतांत मिळते. ‘मागच्या वेळी एक चमचा दिला होता’ ही आठवण म्हणूनच निरुपयोगी आहे. मागची बाटली दुसऱ्या तीव्रतेची असेल, तर डोस सरळ निम्मा किंवा दुप्पट होतो, आणि थेंबांची बाटली चमच्याने दिली तर चौपट. घरातला चमचा ३ मिलिलिटरचाही असू शकतो आणि ७ मिलिलिटरचाही. बाटलीसोबत आलेले खुणांचे माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी, आणि मूल मागच्या भेटीनंतर वाढलेले असल्यामुळे त्याचे आजचे वजन डॉक्टरांना सांगावे. पावडरच्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून, प्रत्येक वेळी चांगले हलवून मगच औषध काढायला हवे. न हलवता काढलेले पहिले डोस पातळ आणि तळाचे डोस दाट निघतात.

वजनाच्या हिशेबाला वरची मर्यादाही असते. पन्नास किलो वजनाच्या तेरा वर्षांच्या मुलाला किलोमागे ९० मिलिग्रॅम लावले तर दिवसाला ४,५०० मिलिग्रॅम होतात, जे प्रौढाच्या कमाल मात्रेपेक्षाही अधिक आहे. म्हणून साधारण ४० किलोंच्या पुढे बहुतेक प्रतिजैविकांत प्रौढांचा डोसच लागू होतो. उलट बाजूला, जिथे वजनाचा नेमका हिशेब करणे जमत नाही, तिथे वयाचे टप्पे पाडून काम भागवले जाते. न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात २ महिने ते १ वर्षापर्यंत अमॉक्सिसिलिनची २५० मिलिग्रॅमची एक विरघळणारी गोळी दिवसातून दोनदा, १ ते ३ वर्षांपर्यंत दोन गोळ्या आणि ३ ते ५ वर्षांपर्यंत तीन गोळ्या सांगितल्या आहेत. पहिल्या टप्प्यात ४ किलोंचे बाळ बसते आणि ९ किलोंचेही. एकाला किलोमागे १२५ मिलिग्रॅम मिळतात, दुसऱ्याला सुमारे ५५. अमॉक्सिसिलिनमध्ये उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांत भरपूर अंतर असल्यामुळे ही ढोबळ विभागणी चालते. जेंटामायसिनला अशी सूट देता येणार नाही.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटात वयाचा संबंध वेगळाच आहे. या औषधांनी वाढत्या वयाच्या प्राण्यांच्या सांध्यांतल्या कूर्चेला इजा होते असे प्रयोगांत दिसल्यामुळे मुलांना ती जपून, दुसरा चांगला पर्याय नसेल तेव्हाच देतात. आणि आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला, साठी ओलांडलेल्यांना, विशेषतः ते स्टेरॉइड घेत असतील तर, हीच औषधे टाचेमागची कंडरा दुखावू किंवा तोडू शकतात.

मधल्या वयातल्या निरोगी प्रौढाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. गोळीवर छापलेला डोस मुळात त्याच्यासाठीच ठरवलेला असतो.

म्हातारपणी मात्र एक फसवा आकडा आडवा येतो. मूत्रपिंडे नीट आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन मोजतात, आणि अहवालात ते डेसिलिटरमागे १.० मिलिग्रॅम आले की सगळे ठीक आहे असे समजले जाते. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते, आणि वयाबरोबर स्नायू कमी होतात. म्हणजे ते तयारही कमी होते आणि गाळलेही कमी जाते, त्यामुळे रक्तातला आकडा जागच्या जागी राहतो. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता काढण्यासाठी कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या सूत्रात ही पळवाट बंद केली आहे: १४० मधून वय वजा करावे, वजनाने गुणावे, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागावे, स्त्रियांसाठी आलेले उत्तर ०.८५ ने गुणावे. तीस वर्षांच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.० असेल तर उत्तर मिनिटाला सुमारे १०७ मिलिलिटर येते. ऐंशी वर्षांच्या, पन्नास किलो वजनाच्या आजींचे क्रिएटिनिनही १.० असेल तर उत्तर सुमारे ३५ येते. अहवालातला आकडा एकच, प्रत्यक्षातली क्षमता एक तृतीयांश. आजींना व्हॅन्कोमायसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन किंवा सेफेपिम तरुणाच्याच वेळापत्रकाने दिले, तर ते साचत जाणार. सेफेपिम साचल्यावर रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, गोंधळतो, कधी झटके येतात; आणि नातेवाईकच काय, डॉक्टरही कधी कधी हे वयामुळे किंवा तापामुळे होते आहे असे समजतात. मूत्रमार्गाच्या संसर्गावर दिल्या जाणाऱ्या नायट्रोफ्युरँटोइनची गोष्ट याच्या उलट आहे. ते लघवीत उतरल्यावरच काम करते, आणि मूत्रपिंडे फार मंद असतील तर ते लघवीत पुरेसे उतरत नाही, रक्तात मात्र वाढते.

वृद्धांना डोस कमी द्यायचा, हे तात्पर्य यातून सरसकट काढणे चुकीचे होईल. गंभीर संसर्गात पहिला डोस बहुधा पूर्णच दिला जातो, कारण पहिली पातळी औषध किती पाण्यात पसरते यावर ठरते, मूत्रपिंडांच्या वेगावर नाही. कपात होते ती पुढच्या डोसांत किंवा त्यांमधल्या अंतरात. तीव्र आजाराच्या पहिल्या दिवशी खालावलेली मूत्रपिंडे सलाईन मिळाल्यावर दोन दिवसांत सावरतात, असेही पुष्कळदा घडते, आणि पहिल्या दिवशी घटवलेला डोस तसाच चालू ठेवला तर उपचार तोकडा पडतो.

या वयात आणखी एक घटक सामील होतो, तो म्हणजे आधीपासून चालू असलेली औषधे. क्लॅरिथ्रोमायसिन काही कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची विल्हेवाट रोखून स्नायूंना इजा घडवू शकते. कोट्रायमॉक्साझोल रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत घेतल्यास पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते. मेट्रोनिडाझोल रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढवून रक्तस्रावाची भीती निर्माण करते, तर लिव्होफ्लॉक्सॅसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांसोबत साखर अचानक खाली आणते. यांतल्या एकाही प्रसंगात प्रतिजैविकाची मात्रा चुकलेली नसते. म्हणून वृद्ध रुग्णासोबत जाणाऱ्याने वजन आणि जन्मतारीख सांगण्याबरोबर गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घालून नेणे आणि क्रिएटिनिनचा जुना अहवाल दाखवणे फार उपयोगी पडते. जुना आणि नवा आकडा शेजारी शेजारी असला की मूत्रपिंडे स्थिर आहेत की ढासळत आहेत, हे डॉक्टरांना लगेच कळते.

जेंटामायसिन आणि व्हॅन्कोमायसिन यांसारख्या, उपयुक्त आणि घातक मात्रांमध्ये थोडेच अंतर असलेल्या औषधांत एवढे सगळे हिशेब करूनही अंदाज चुकू शकतो, कारण वय हे शेवटी मूत्रपिंडांच्या आणि यकृताच्या स्थितीचे एक ढोबळ अनुमान असते. अशा वेळी रक्तातली पातळी प्रत्यक्ष मोजतात. जेंटामायसिनसाठी पुढचा डोस देण्याच्या थोडे आधी रक्त घेतात. पातळी ठरलेल्या मर्यादेखाली उतरलेली नसेल तर डोस थांबवून अंतर वाढवतात, मग रुग्ण तीन दिवसांचा असो किंवा ऐंशी वर्षांचा.